धायटीच्या रानाला पडीक कोण म्हणते?

घोडेगावाहून डिंभ्याकडे किंवा जुन्नरहून आपटाळ्याकडे माघ-फाल्गुनात जो कोणी जाईल, त्याला डोंगरउतारावर एक विटकरी-लाल रंग पसरलेला दिसेल. गवत वाळून गेलेले असते, ओढे आटलेले असतात, सागाची पाने गळून खडखड वाजत असतात, आणि अशा वेळी मुरमाड, करड्या उतारावर कंबरेपासून पुरुषभर उंचीपर्यंतची झुडपे फांदीफांदीला फुलांनी लगडलेली असतात. ही धायटी. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील धातकी ती हीच. गुरामागे जाणारी पोरे तिची फुले तोडून त्यांतला मध चोखतात आणि त्यांच्या दृष्टीने तिचे मोल तेवढ्यावरही सिद्ध होते. महसुलाच्या दप्तरात मात्र हा उतार बहुधा पडीक असतो, वनखात्याच्या आराखड्यात तो निकृष्ट किंवा झुडपी वन ठरतो, आणि देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह केंद्र सरकार प्रसिद्ध करीत आले आहे, त्यातही झुडपांची जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार म्हणून मोजला जातो.

या 'पडीक' शब्दाविषयी, आणि त्या शब्दाच्या आड जे व्यवहार चालतात त्यांविषयी, जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे विचार करावा असे आम्हांला वाटते. काही साथी विचारतील की पाणी, जमीन, शेतमालाचा भाव, बुडीत क्षेत्रातील लोकांचे पुनर्वसन असे ज्वलंत प्रश्न असताना पक्षाच्या साप्ताहिकाने एका रानटी झुडपासाठी जागा का खर्च करावी? फुलापाखरांची काळजी करायला शहरातील निसर्गप्रेमी मंडळी समर्थ आहेत. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याच्या मुळाशी एक चूक आहे. डोंगरावर काय उगवावे, काय उपटले जावे आणि जे उगवले त्याचा भाव कोणाच्या पदरात पडावा, हा जमिनीचाच प्रश्न आहे. तो निसर्गप्रेमींवर सोडून दिला की वनखाते आणि व्यापारी तो आपापल्या परीने सोडवतात.

प्रथम या वनस्पतीची ओळख नीट करून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयीचे अज्ञान हेच तिच्या उपेक्षेचे एक कारण आहे. धायटी मेंदीच्या कुळातली. तिला खोल, काळी जमीन लागत नाही. खडकाच्या फटीत, पावसाने धुऊन नेलेल्या मुरमात, जिथे दुसरे झाड लावले तर तिसऱ्या उन्हाळ्यात मरते, तिथे ती तग धरते. तोडली तर खोडाच्या बुंध्यातून पुन्हा फुटते. वणव्यात वरचा भाग जळला तरी मुळे जिवंत राहतात आणि पावसाळ्यात नवे धुमारे येतात. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे चराईच्या उतारावर जिथे बाकीची रोपटी खुडली जातात तिथेही ती शिल्लक राहते. आपण जिला तिचे फूल म्हणतो, ती वस्तुतः लाल रंगाची लांबट, किंचित वाकलेली नळी असते. पाकळ्या इतक्या लहान की शोधाव्या लागतात. नळीतून बाहेर डोकावणारे केसर आणि तळाशी साठलेला मधुरस. ही रचना पक्ष्याच्या चोचीसाठी आणि मधमाशीच्या सोंडेसाठी जणू घडवलेली आहे, आणि पौष ते चैत्र या काळात, रानातील इतर खाद्य आटत असताना, ती उपलब्ध असते.

या कालगणनेला महत्त्व आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीत फुलांची रेलचेल असते, तेव्हा मधमाशीला कोणाच्या मेहरबानीची गरज नसते. अडचणीचे महिने पुढचे. त्या महिन्यांत पांगारा, सावर, पळस हे वृक्ष आणि झुडपांपैकी धायटी यांच्यावर रानातील मोठा संसार चालतो. शिंजीर, बुलबुल, चष्मेवाला हे पक्षी, आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या धायटीच्या रानात दिवसभर राबताना दिसतात. आणि याच माघ-फाल्गुनात खाली बागायती पट्ट्यात कांद्याचे डोंगळे फुलावर आलेले असतात. कांद्याचे बी धरायचे तर परागीभवनासाठी मधमाशी लागते, हे बियाणे करणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. पैसे मोजून मधमाश्यांच्या पेट्या आणून शेतात ठेवण्याची पाळी आज त्याच्यावर आली आहे. बांधावरचे झुडूप गेले, ओढ्याकाठचे रान गेले, पिकावर विषारी फवारे वाढले, आणि जी सेवा डोंगर फुकट करीत होता ती आता भाड्याने घ्यावी लागते. डोंगरावरच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबाचा आणि खालच्या कांदेवाल्याचा संबंध एरवी मजूर आणि मालक एवढाच दाखवला जातो. त्यांना जोडणारा दुसराही एक धागा आहे, तो असा उडत येतो. (वर्तमानपत्रे वाचून मात्र असे वाटते की जुन्नर विभागात बिबट्या हा एकच वन्य जीव राहतो. उसाच्या फडात जन्मणाऱ्या बिबट्यांचा आणि त्यांनी घेतलेल्या माणसांच्या बळींचा प्रश्न भीषण आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिलेच पाहिजे. पण माणिकडोहच्या निवारा केंद्राबाहेरही वन्य जीवन आहे, याची आठवण सरकारला आणि आपल्यालाही करून द्यावी लागते.)

आता त्या 'पडीक' शब्दाकडे वळू. ज्या जमिनीतून सरकारच्या तिजोरीत महसूल येत नाही ती निरुपयोगी, ही दृष्टी इंग्रजांनी या देशात कायद्याने रूढ केली. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर सरकारजमा झाले. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना महात्मा फुल्यांनी जंगलखात्याच्या जुलमावर जो आसूड ओढला, तो या कायद्याच्या पहिल्या पाच वर्षांचा अनुभव होता. १९२७ च्या वन कायद्याने 'वनोपज' या शब्दाची व्याख्या करताना रानातील पाने, फुले आणि फळेही त्यात गोवली. म्हणजे धायटीची जी फुले आदिवासी बाई खुडते, ती कायद्याच्या नजरेने सरकारच्या मालाला लावलेला हात ठरू लागली. गंमत अशी की हेच झुडूप जमीन मोजताना कवडीमोलाचे आणि फुले मोजताना सरकारी मालमत्ता! एकाच वस्तूला एका कागदावर निरुपयोगी आणि दुसऱ्या कागदावर मालकीयोग्य ठरवण्याची ही कला वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी निर्माण केली आणि स्वराज्याच्या नोकरशाहीने ती निष्ठेने जोपासली.

पडीक ठरलेल्या उताराचे पुढे काय होते ते आपण पाहत आलो आहोत. तिथे 'हिरवळ' आणण्याची योजना येते. गेल्या काही दशकांत ही हिरवळ म्हणजे बहुतेक ठिकाणी गिरिपुष्प, सुबाभूळ आणि नीलगिरी. पहिली दोन अमेरिका खंडातून आलेली, तिसरी ऑस्ट्रेलियातून. यांपैकी एकही झाड स्वभावतः दुष्ट नाही. गिरिपुष्पाचा पाला भातखाचरात चांगले हिरवळीचे खत देतो, हे आम्ही नाकारीत नाही, आणि बांधावर चार झाडे असण्याला कोणाची हरकत नाही. आक्षेप आहे तो सबंध डोंगर एकाच जातीने भरून टाकण्याला, आणि तो भरण्यासाठी तिथले असलेले रान खड्डे खणताना साफ करण्याला. खड्डा मोजता येतो, रोप मोजता येते, त्याचे देयक निघते. आपोआप वाढलेल्या धायटीचे देयक कोणाच्या नावाने काढायचे?

महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्ष लावण्याच्या मोहिमा जाहीर झाल्या. शेवटच्या तीन वर्षांची बेरीज पन्नास कोटी होते, आणि हा पन्नास कोटींचा आकडा त्या वेळी मोठ्या अभिमानाने मिरवला गेला. सरकार बदलल्यावर २०२१ साली विधिमंडळाची समिती नेमून या मोहिमेची चौकशी करण्याची वेळ आली. चौकशीचे राजकारण बाजूला ठेवू. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या आकड्यांत किती रोपे जगली हा प्रश्न सर्वांनी विचारला. ती रोपे लावण्याआधी त्या जागी काय उभे होते, हे किती जणांनी विचारले? राना-झुडपातून ज्यांचे सरपण, औषध, मध आणि मीठ-मिरचीचे पैसे निघतात, त्यांनाच हा प्रश्न सुचू शकतो, आणि त्यांना विचारण्याची पद्धत मोहिमेत नव्हती.

डोंगरउताराविषयी आंबेगाव तालुक्यात बोलताना माळीण गावाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला आणि १५१ माणसे गाडली गेली. त्यानंतर जी चर्चा झाली तीत अतिवृष्टीबरोबरच उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. या भागातील आदिवासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पडकई करीत आला आहे. उतार पाहून, दगड रचून, हळूहळू हाताने खाचर बांधण्याची ही पद्धत, आणि दोन दिवसांत डोंगराला खाच पाडणारे यंत्र, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक न करता सगळा दोष आदिवासींच्या शेतीवर ढकलण्याचा प्रयत्न त्या वेळी काहींनी केला, ही गोष्ट विसरता येणार नाही. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. धायटी असती तर माळीण वाचले असते, असे कोणी म्हणेल तर ते खोटे होईल. कित्येक मीटर खोलीवरून सरकणाऱ्या डोंगराला झुडपाची मुळे धरून ठेवू शकत नाहीत. पण वरच्या थराची माती, जी दरवर्षी थोडी थोडी वाहून डिंभ्याच्या आणि माणिकडोहाच्या जलाशयात गाळ होऊन बसते, ती धरून ठेवण्याचे काम नेमके अशा झुडपांचेच आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतले पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते आणि त्या पाण्यावर कोणाचा हक्क यावर दर उन्हाळ्यात वाद पेटतो. या वादात भाग घेणाऱ्यांपैकी किती जणांना ते पाणी ज्या उतारावरून येते त्याची चिंता आहे? ज्यांची खाचरे या धरणांनी बुडवली तीच माणसे आज वरच्या उतारावर राहतात, आणि उतार राखण्याची मजुरीसुद्धा त्यांना कोणी देऊ केलेली नाही.

आता हक्क आणि भाव. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनवासी जनतेला दिला, मध, मेण आणि औषधी वनस्पती यांचा व्याख्येत स्पष्ट उल्लेख केला, आणि हे हक्क अभयारण्यांनाही लागू केले. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाल्यापासून तिथल्या गावांना जंगलात पाऊल टाकताना जी धास्ती वाटते, तिला कायद्याचा आधार आता उरलेला नाही. परंतु कायदा पुस्तकात आणि फूल फांदीवर, या दोहोंच्या मध्ये व्यापारी उभा आहे.

कारण धायटीच्या फुलाला मागणी आहे, आणि ती लहान नाही. आसवे आणि अरिष्टे तयार करताना जो आंबवण्याचा संस्कार करतात, त्याला धायटीची फुले लागतात. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारीआसव यांच्या पाठांत धातकीपुष्प आहेच. फुलावर आणि त्यातील मधुरसात किण्वाचे सूक्ष्म जीव असतात आणि ते काढ्याला आंबवतात, असे आजचे संशोधन सांगते. जुन्या वैद्यांना किण्व ठाऊक नव्हते, फूल ठाऊक होते. याशिवाय फुलांत आणि पानांत टॅनिन भरपूर, म्हणून रंगासाठी आणि कातडी कमावण्यासाठीही त्यांचा उपयोग होत आला आहे. औषधी कारखान्यांची बाजारपेठ दरवर्षी वाढते आहे आणि त्यांच्या बाटलीवरच्या किमती आपण पाहतो. केंद्र सरकारने गौण वनोपजांसाठी २०१३-१४ पासून किमान आधारभूत किमतीची योजना आणली. धायटीची वाळलेली फुले पुढे तिच्या यादीत आली आणि छत्तीसगडमध्ये ती किलोला ३७ रुपये या दराने घेतली गेली. धायटीचे फूल मुळात हलके, वाळल्यावर आणखी हलके. एक किलो भरण्यासाठी बाईचा हात किती वेळा फांदीपर्यंत जातो, आणि उन्हात उतार चढून-उतरून तिला दिवसाकाठी किती पैसे सुटतात, हा हिशेब आपल्या कार्यकर्त्यांनी दोन-चार वाड्यांत बसून मांडावा आणि रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीशी तो ताडून पाहावा. आधारभूत किंमत कशाला आधार देते ते त्यातून कळेल.

आणि यादीत नाव असणे व गावात खरेदी केंद्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हिरड्याने आपल्याला पुरेपूर शिकवले आहे. बाळहिरडा हे या दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील घराघराचे नगदी पीक. आदिवासींची व्यापाऱ्यांच्या लुटीतून सुटका व्हावी म्हणून आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली स्थापन झाले, १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा झाला आणि एकाधिकार खरेदीची घोषणा झाली. प्रत्यक्षात महामंडळाची खरेदी कधी चालू, कधी बंद, आणि बंद असलेल्या हंगामात व्यापारी सांगेल तो भाव. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा पंचनामे आणि भरपाई यांसाठी किसान सभेला वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले, कारण आंबा मोडला तर नुकसान आणि हिरडा मोडला तर निसर्गनियम असा सरकारचा समज होता. त्या लढ्याने हिरड्याला पीक म्हणून मान्यता मिळवण्याचा मार्ग मोकळा केला. धायटीच्या बाबतीत आपण अजून या पायरीच्याही खाली आहोत. ती मोडली, जाळली, खणून टाकली, तर नोंद करण्याइतकेही तिचे कोणी दखलपात्र मानलेले नाही.

येथे आपल्याच बाजूची एक अडचण उघडपणे मांडणे आवश्यक आहे. भाव मिळू लागला की फुले ओरबाडली जातील ही भीती अवास्तव नाही. फूल पूर्ण खुडले तर बी धरत नाही, आणि बी नाही तर नवे झुडूप नाही. शिवाय जी फुले पोत्यात गेली ती शिंजिराला आणि मधमाशीला मिळाली नाहीत. घाईने काम उरकण्यासाठी फांद्याच तोडून घरी नेऊन फुले झटकायची, असेही होते. त्याशिवाय राबासाठी झाडाझुडपांच्या फांद्या जातात, सरपणासाठी जातात. वनखाते याच गोष्टींकडे बोट दाखवून म्हणते की लोकांच्या हाती रान दिले तर ते उद्ध्वस्त होईल. आम्हांला हा युक्तिवाद मान्य नाही, पण त्याचे उत्तर भाषणाने देता येणार नाही. रान ओरबाडले जाते ते बहुतेक वेळा अशा ठिकाणी, जिथे खुडणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या फुलाची शाश्वती नसते. आज मी ठेवले तर उद्या दुसरा नेईल, परवा वनखाते खड्डे खणील, अशा अवस्थेत संयम हा मूर्खपणा ठरतो. हक्क गावाचा झाला, कोणत्या वाडीने कोणत्या उतारावर खुडायचे हे ग्रामसभेत ठरले, की नियम पाळणे परवडू लागते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार केंद्रीय मंत्र्याला गावात आणून वाजवून घेतला. त्या गावाने रान विकून खाल्ले नाही. जुन्नर-आंबेगावच्या ग्रामसभा त्यांच्यापेक्षा कमी शहाण्या आहेत असे मानण्याचे कारण दिसत नाही. एका झुडपाच्या तीन फांद्यांपैकी एक फांदी अजिबात हात न लावता सोडायची, कोयता रानात न्यायचा नाही, आणि ओढ्याकाठची झुडपे पाखरांसाठी राखायची, असे साधे नियम आम्ही सुचवतो. ते अंतिम नाहीत. ज्या बायका फुले खुडतात त्याच ते अधिक नेमके सांगू शकतील, आणि ग्रामसभेत त्यांनी बोलावे यासाठी आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी थोडे कमी बोलावे लागेल.

मालाची विक्री गावोगाव सुटी सुटी होत राहिली तर कायद्याने दिलेली मालकी व्यापाऱ्याच्या तराजूतच राहणार. दहा-वीस ग्रामसभांनी मिळून घोडेगाव किंवा जुन्नर येथे फुले वाळवण्याची, साठवण्याची जागा उभी करावी आणि कारखानदाराशी थेट करार करावा. कच्च्या मालाच्या प्रत्येक टोपलीमागे जो आडत्या, जो वाहतूकदार, जो शहरातला दलाल उभा असतो त्यांची साखळी तोडल्याशिवाय किलोमागे दोन-चार रुपये वाढवून घेण्याची मागणी फारशी पुढे जाणार नाही. सहकाराच्या नावाने या जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांतून कोणाचे वाडे बांधले गेले, हा इतिहास ताजा असल्यामुळे 'सहकारी' या शब्दाने आदिवासी बिचकला तर त्याचा दोष नाही. म्हणूनच या संस्थेचे हिशेब दर हंगामाला ग्रामसभेत वाचले जातील, ही अट पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

लागवडीविषयी थोडे. बऱ्याच उतारांवर धायटी नव्याने लावण्याचीही गरज नाही. बुंधे जिवंत आहेत, त्यांना दोन-तीन वर्षे वणव्यापासून आणि कोयत्यापासून संरक्षण मिळाले तर रान आपोआप उभे राहते. पौष-माघातला वणवा तर फुलांचा सबंध हंगामच नेतो. जिथे उतार अगदी उघडा पडला आहे तिथे मात्र रोपे लावावी लागतील. बी अत्यंत बारीक असते. ते बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पसरावे, वरून मातीचा जाड थर देऊ नये, पाणी हलक्या हाताने शिंपडावे. फाटे लावूनही रोपे होतात. वाढलेली रोपे पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी उतारावर जातात. ही कामे बायकांच्या गटांना रोपवाटिकेच्या रूपाने देता येण्यासारखी आहेत. रोजगार हमीची कल्पनाच मुळी या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रुजली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. पुढे दिल्लीत कायद्यांची नावे आणि कलमे बदलत गेली, तरी काम मागण्याची सवय या मातीतली आहे. १९९० नंतर याच रोजगार हमीतून खाजगी जमिनीवर आंबा, डाळिंब, चिकू यांच्या बागा उभ्या राहिल्या. फळझाडांना जे मिळाले ते गावाच्या सामूहिक उतारावरील धायटीला का मिळू नये, याचे उत्तर तहसीलदाराकडून लेखी घ्यावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. धायटी लावा म्हणजे सगळीकडे धायटीच लावा असा आमचा आग्रह नाही, नाही तर गिरिपुष्पवाल्यांत आणि आपल्यात फरक तो काय? आहुप्याच्या बाजूला, जिथे पाऊस कोसळतो तिथे कारवी, हिरडा, जांभूळ यांचे राज्य आहे आणि ते तसेच राहावे. मधला पट्टा धायटीचा आणि करवंदाचा. आणखी पूर्वेला, जुन्नरच्या आणे पठारावर आणि आंबेगावच्या लोणी-धामणी भागात, जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पहिला मान तरवडीचा. पिवळ्याधमक फुलांची ही झुडपे माळावर पाण्यावाचून जगतात, शेळी त्यांना सहसा खात नाही, भोंग्यांना त्यांचे पराग आणि पिवळसर फुलपाखरांच्या अळ्यांना त्यांची पाने लागतात. तरवडीच्या सालीवर एके काळी कातडी कमावणाऱ्या ढोर बांधवांचा धंदा चालत असे. रासायनिक कमावणी आली, धंदा गेला आणि माळावरची तरवड कोणाच्याच हिशेबात राहिली नाही. तिच्या विषयी या भागातील कार्यकर्त्यांनी वेगळी माहिती गोळा केली तर ती या पानावर अवश्य छापता येईल.

चैत्र-वैशाखात धायटीची बोंडे पिकतात, आणि ती उकलण्यापूर्वी बी गोळा करावे लागते. कायद्याने ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक १ मे रोजी, कामगार दिनी, भरते. म्हणजे बी गोळा करण्याचा आणि ठराव करण्याचा हंगाम एकच आहे. ठरावाचा मसुदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाडीवाडीत वाचला गेला पाहिजे. गावाच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात, आणि जिथे दावे अजून उपविभागीय समितीकडे पडून आहेत तिथे दावा केलेल्या क्षेत्रात, ग्रामसभेच्या परवानगीशिवाय कोणतीही वृक्षलागवड होऊ नये, खड्डे खणण्यापूर्वी उभ्या झुडपांची नोंद व्हावी, आणि त्या नोंदीत धायटीचा रकाना स्वतंत्र असावा, एवढे तीन मुद्दे त्यात यावेत. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.